नको म्हणायचं काम

प्रिय एस्तेर,

तसं कारण घडलं नसतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. मला लिहिता येत नाही, तुला आता वाचता येणार नाही, मग कशाला कागद खराब करायचा? पण आज दुपारी माझ्यापुढे एक प्रश्न आला आणि सवयीने मी जिन्याकडे बघितलं. तुझ्या वरच्या क्वार्टरमध्ये आता ओडिशाचं कुटुंब राहतं. माणसं चांगली आहेत, पण त्यांना काय विचारणार?

बोलते मी, हात निशाचा आहे. माझ्या नातीला बजावलंय की मी बोलेन तसंच लिहायचं, मध्ये आपलं डोकं चालवायचं नाही आणि हिंदी घुसडायचं नाही. लगेच म्हणते, "बिल्कुल नाही, आजी." ऐकलंस?

तर प्रश्न निशाचाच आहे. तुझ्या ट्रेनिंगमधून तिला केनियाला जायचंय, जवळजवळ वर्षभर. तिथे एका मोठ्या तळ्याकाठी गावं आहेत म्हणे. त्या गावांतल्या बाळंतिणींच्या आणि तान्ह्या बाळांच्या तब्येतीचा अभ्यास करायचा, तिथल्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकायचं. जाणार की नाही, ते उद्या कळवायचंय. दिलीप म्हणतो, "आई म्हणेल तसं." तुझा हा मानलेला भाऊ सरकारी नोकरीत एवढंच शिकला, फाइल पुढच्या टेबलावर सरकवायची. शोभा सून म्हणून आली ती तोंड मिटून बसायला नव्हे, पण या बाबतीत तीही गप्प आहे. राहिले मी. आणि मी निशाला सांगितलं, उद्या बोलते.

आता तू म्हणशील, मावशी, यात विचार करण्यासारखं काय आहे? सांगते. पण तू सगळं मुळापासून ऐकायचीस, म्हणून मीही मुळापासूनच सांगणार.

तू नवीन राहायला आलीस तो नाताळ आठवतो? करंज्यांचा डबा घेऊन खाली आलीस. मी तुला 'अहो डॉक्टर' म्हणत होते. जेवायला बसवलं, पाटोडीचा रस्सा केला होता. तू दुसऱ्या वाटीला "नको, पुरे" म्हणालीस आणि मी वाटी भरली. पुढच्या वेळीही तसंच झालं. असं किती महिने चाललं कोण जाणे, मग एकदा तू हात धुता धुता म्हणालीस, "मावशी, तुम्ही माझं नको कधी ऐकतच नाही."

"ऐकते की," मी म्हटलं. "पण पहिलं नको हे नको नसतं, ती रीत असते. दुसऱ्या नकोला समजायचं की पोट भरत आलंय. ताटावर हात आडवा धरला की मगच थांबायचं. तुमच्या नगरकडे आग्रह करत नाहीत का?"

तू एवढी हसलीस की तुला ठसका लागला. मग म्हणालीस, "माझी मुलं हेच शिकून येतात हो. पहिलं नको म्हणजे रीत. मला तुमची मदत पाहिजे."

मी बघतच राहिले. लग्न तर तुझं झालेलं नव्हतं, मुलं कुठली? विचारायचं धाडस झालं नाही. चार दिवस मी आणि शोभा तुझ्या मुलांचा हिशेब लावत होतो, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

मग ती मुलं आलीच. कोणी नंदुरबारकडच्या पाड्यावरचा, कोणी गडचिरोलीच्या जंगलातली, कोणी झारखंडची, कोणी मुस्लिम मोहल्ल्यातली, कोणी आमच्यासारखी बौद्ध घरातली. तू त्यांना दर वर्षी गोळा करायचीस, दिल्लीत ठेवून शिकवायचीस आणि मग परदेशी पाठवायचीस, कोणाला केनियाला, कोणाला व्हिएतनामला. मी विचारलं होतं, हीच मुलं का? तू भाजी निवडत सांगितलंस, "मावशी, आजारी कोण पडतं? आपली माणसं. त्या आजाराचा अभ्यास करायला कोण येतं? दुसरीच. मला ते बदलायचंय." इतकं सोपं करून सांगितलंस की मला वाटलं, त्यात अवघड ते काय? अवघड काय ते पुढे बघितलं.

आणि मला काम दिलंस नको म्हणायचं.

निशा विचारते, हे नीट लिहू का आजी, कोणी वाचलं तर कळायचं नाही. बरं, लिही. मुलाने आमच्या स्वयंपाकघरात यायचं, पाटावर बसायचं. आम्ही अमुक आजाराचा अभ्यास करतोय, तुमच्या बोटातलं थोडं रक्त हवंय, दुखेल एवढंच, फायदा तुम्हाला कदाचित होणार नाही, पुढच्यांना होईल, हे सगळं मला समजेल असं सांगायचं. मी दहा प्रश्न विचारायचे. आणि सगळं ऐकून शेवटी म्हणायचं, नको. त्यावर मुलाने काय करायचं? "ठीक आहे आजी, वेळ दिलात, आभारी आहे. तुमच्या दवाखान्याच्या औषधाला यामुळे काही अडचण येणार नाही," एवढं म्हणून उठायचं. बस. हे जमेल त्याने परदेशी जायचं. नाही जमलं तर पुन्हा यायचं.

तू गॅसजवळच्या वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसून बघायचीस, चेहरा असा की जणू चहा उकळायची वाट बघतेस.

मला वाटलं होतं, हे काय काम आहे? पण बाई गं, कोणाला जमेना. एकाने माझे पाय धरले. एकीने सांगितलं की आम्ही सरकारकडून आलोय. एक मुलगी म्हणाली, आजी, पलीकडच्या सगळ्या बायकांनी दिलं, तुम्हीच राहिलात. प्रत्येक वेळी तू उठून म्हणायचीस, "आणि हिने घाबरून हो म्हटलं असतं तर?"

मला आमच्या वस्तीतला तो दिवस आठवायचा. मी परकर-पोलक्यात होते. जीप आली, आम्हा पोरींना झाडाखाली रांगेत उभं केलं, पापण्या ओढून डोळे बघितले, बोटं टोचली आणि जीप निघून गेली. काय बघितलं, काय सापडलं, कोणी सांगितलं नाही. आई नुसतं बोट धरून फुंकर घालत बसली. नको म्हणता येतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. हे तुला सांगितलं आणि तू पुढच्या तुकडीला पहिल्या दिवशी माझ्याकडून तेच सांगायला लावलंस. त्यानंतर मी नको म्हणायचे ते पुऱ्या मनाने.

किसनचं मात्र उलटं झालं. नंदुरबारकडचा हा मुलगा, नवे बूट घालून आला होता, ते दारात काढून एवढे सरळ लावून ठेवले की मला वाटलं आता त्यांना नमस्कार करतो. पाटावर बसला, "आजी, आभारी आहे" म्हणाला आणि उठून बाहेर जाऊन उभा राहिला. अरे, पण मी अजून नको म्हटलंच नव्हतं. त्याने काही विचारलंच नव्हतं. आम्ही हसलो. तू हसली नाहीस. बाहेर व्हरांड्यात जाऊन त्याच्याजवळ उभी राहिलीस.

"किसन, विचारलं का नाहीस?"

"मॅडम, नाहीच म्हणणार होत्या ना."

"ते त्यांचं काम आहे. विचारणं तुझं."

आयुष्यभर 'नाही'च ऐकत आलेल्या पोराला आधी विचारायला शिकवायचं, मग 'नाही' ऐकायला. किती दिवस तो येत राहिला. तू त्याच्यावर ओरडली नाहीस, घाई केली नाहीस. एकदा आला आणि मान वर करून म्हणाला, "आजी, तुमचा थोडा वेळ मिळेल का?" मी म्हटलं, "नको, डाळ शिजायची आहे." तो म्हणाला, "मग कधी येऊ?" आणि तुझ्या डोळ्यांत पाणी. डाळ खरंच करपली त्या दिवशी. आज तोच किसन तुझ्या जागेवर आहे, मुलं त्याला सर म्हणतात.

तिकडचीही मुलं यायची तुझ्याकडे. अमेरिकेची ती उंच मुलगी, आमच्या चौकटीला डोकं आपटलेली. तिच्या पूर्वजांना गुलाम म्हणून बाजारात विकलं होतं, असं तू सांगितलंस तेव्हा मला आधी खरं वाटेना. तिला मी नको म्हटलं आणि ती लगेच उठली, हात जोडून "कोई बात नहीं, आजी" म्हणाली. पहिल्याच फटक्यात पास. तू म्हणालीस, "हिच्या घरी आजीने शिकवून पाठवलंय." मग मी तिच्या आजीसाठी कोथिंबीर भरलेली सांबारवडी बांधून दिली. पोहोचेपर्यंत मऊ पडली असणार, पण ती बाई काही बोलली नसेल.

तुझं सगळं काम काही मला कळलं नाही, एस्तेर. पण जे दिसलं ते सांगते. कोणा निवड करणाऱ्याने म्हटलं असणार की या मुलांचं इंग्रजी कच्चं आहे. तू तणतणत जिना चढताना माझ्या दारात थांबलीस, म्हणालीस, "मावशी, इंग्रजी मी शिकवीन. पण ज्याच्या बहिणीला तापात झोळी करून पाच कोस नेलं, त्याचं शहाणपण यांना कोण शिकवणार?" आणि मग आमच्याकडे अर्धी भाकरी खाऊन वर गेलीस. पासपोर्टसाठी पोलीस घरी चौकशीला येतात म्हणून घाबरलेल्या मुलीबरोबर तू दिवसभर तिच्या खोलीवर बसून राहिलीस. प्रत्येकाला सरोजिनी नगरच्या बाजारात नेऊन स्वेटर घेऊन द्यायचीस. केनियाला जाणाऱ्यालासुद्धा! तिथे गरम होतं गं, असं ते पोर सांगत होतं, तरी तुझं आपलं, "विमानात थंडी असते."

या बाबतीत तू कोणाचं नको ऐकलं नाहीस, हे मी लक्षात ठेवलंय.

आणि माझी एक तक्रारही आहे. तू मला एकदा म्हणालीस, "मावशी, अक्षरं शिकवू का?" मी म्हटलं, "नको." तू म्हणालीस, "बरं." आणि चहा प्यायलीस. झालं? पुन्हा विचारायचं नाही? माझं ते पहिलं नको होतं, रीतीचं. मी वाट बघितली, हिवाळा गेला, उन्हाळा गेला. तुझ्या तत्त्वापायी मी अडाणी राहिले, बाई. निशा हसते आहे, पण हे लिही, गाळू नकोस.

आता निशाचं. ही लहानपणापासून पटवणारी. दुकानदाराला पटवायची, मास्तरांना पटवायची, आजीला तर विचारूच नका. तुझ्या ट्रेनिंगला घेतलंस तेव्हा मी छाती फुगवली, आमची निशा काय, एका दिवसात पास. पाटावर बसली, सगळं छान सांगितलं, मी नको म्हटलं. तर ही म्हणते, "आजी, एक थेंब फक्त, तुझ्या लाडकीसाठी?" आणि मान वाकडी केली.

तू मोढ्यावरून म्हणालीस, "नापास. तिच्या मायेचा फायदा घेतलास."

दुसऱ्यांदा तोंडाने "ठीक आहे" म्हणाली, पण उठली नाही, गाल फुगवून तिथेच बसली. तू म्हणालीस, "रुसणं हासुद्धा आग्रहच असतो, निशा." दोनदा नापास. त्या दिवशी मी तुझ्याशी बोलले नाही, तुला ते कळलंच असेल, कारण खालून डबा आला नव्हता.

आणि मग, बरं झालं म्हणता म्हणता, तुझं ते गाठीचं दुखणं उलटलं.

ती दुपार मला सांगावीशी वाटत नाही, पण तिच्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. मी आणि निशा वर आलो होतो. पंखा चालू होता, तुला तरी गरम होत होतं. तू म्हणालीस, "मावशी, आता ती इंजेक्शनं नको. डॉक्टरांना सांगितलंय. घरीच राहीन."

मी काय केलं? जे मला येतं ते. म्हटलं, "अगं, एकदाच करून बघ. माझ्यासाठी. तुझ्या मुलांसाठी. पलीकडच्या ब्लॉकमधल्या बाई बऱ्या झाल्या की नाही?" पहिलं नको, दुसरं नको, मी आपली वाढतच होते. तू हात ताटावर आडवा धरतात तसा धरलास, मला दिसला, तरी मी थांबेना.

निशा खाली बघत होती. मग तिने मान वर केली. म्हणाली, "ठीक आहे, आत्या. तू आम्हाला सांगितलंस, बरं झालं." मग विचारलं, "उद्या मी येऊ का? नुसतं बसायला?"

"ये," तू म्हणालीस. "पेपर वाचून दाखव."

मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंस. "मावशी, पोरगी पास झाली. तुझं मात्र कठीण आहे."

"मी तुझ्या शाळेत कधी नावच घातलं नव्हतं," मी म्हटलं. दोघी हसलो. निशा हसली नाही, गच्चीत गेली. मी भाकरीचा डबा उघडला होता, तू नको म्हणालीस, आणि मी तो बंद केला. एस्तेर, तुझ्यापुढे मी डबा पहिल्यांदाच बंद केला.

तुझ्या दफनाला सगळे आले होते, कुठून कुठून. नंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. तुझी मुलं वाढत होती. माझ्यापुढे भाताचं पातेलं आलं, मी रीतीने म्हटलं, "नको." तो मुलगा म्हणाला, "ठीक आहे, आजी," आणि पुढे गेला. डाळवाली आली, तीही "ठीक आहे, आजी." अशी एकामागून एक तुझी सगळी हुशार मुलं माझ्यापुढून गेली आणि मी उपाशी घरी आले. शोभाने रात्रीची पोळी दिली. इतकं पक्कं शिकवायचं असतं का गं?

आता आज दुपारचं सांगते. मी आणि निशा मागच्या अंगणात उन्हात मटार सोलत होतो. तिने परात बाजूला सरकवली. पाटावर नव्हती बसलेली, खाटेवर होती, पण बसली तशीच. म्हणाली, "आजी, तुला काही विचारायचंय. मी केनियाला जाऊ का?" मग सगळं सांगितलं. किती दिवस, कुठे राहणार, आजारी पडले तर काय, रविवारी फोन कधी. फायदा तुला काही नाही, असंही सांगितलं. "आणि तू नाही म्हणालीस तर मी इथेच नोकरी बघेन. रुसणार नाही. तुझ्या-माझ्यात काही बदलणार नाही."

मी म्हटलं, "आणि मी नको म्हटलं तर?"

"तर ठीक आहे, आजी."

खरंच म्हणत होती. मी तिचा चेहरा बघितला, गाल फुगले नव्हते, मान वाकडी नव्हती. आणि मला भीती वाटली. जुनी निशा असती तर गळ्यात पडली असती, रडली असती, दोन दिवस जेवली नसती. मग मी कुरकुरत हो म्हटलं असतं आणि वर्षभर सगळ्यांना सांगत फिरले असते, पोरीने ऐकलंच नाही, मी काय करणार? तू तिला असं शिकवून ठेवलंस की माझ्याकडे ती पळवाटही राहिली नाही. मी नको म्हटलं तर ही उठेल, परात धुवून ठेवेल आणि राहील. माझ्या एका शब्दावर राहील.

आणि मला ती राहायला हवी आहे, एस्तेर. खोटं कशाला बोलू? तू वर नाहीस. दिलीप-शोभा दिवसभर ऑफिसात. संध्याकाळी कुलपात किल्ली फिरते ना, ती निशाची असली की मला पायांतल्या कळांची आठवण राहत नाही. ती गेली की मी कोणाला चिडवू? ओडिशावाल्यांना माझी थट्टा कळत नाही.

म्हणून म्हटलं, उद्या सांगते. ती म्हणाली, "हो, विचार करायला वेळ घे," आणि परत मटार सोलायला लागली. तुझंच वाक्य.

तर विचार केला. तुझ्याशी बोलता बोलताच झाला.

तू मला कधी हो म्हणू दिलं नाहीस. मी विचारायचे, एखाद्या गरीब पोराला एकदा तरी हो म्हणू का? तू म्हणायचीस, "हो ऐकायला कोणालाही येतं, मावशी." हो म्हणणाऱ्याच्या अंगठ्यासाठी म्हणून तू शाईचं पॅड आणून आमच्या फळीवर ठेवलं होतंस. इतक्या तुकड्या येऊन गेल्या, ते एकदाही उघडलं नाही. आज काढलं तर शाई वाळून खडा झालेली. शोभाने दोन थेंब पाणी घातलंय.

निशा, आता नीट लिही. आजीला सगळं समजावून सांगितलं. आजीने विचारायचं ते विचारलं. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी रुसलं नाही, कोणी पाय धरले नाहीत. आजी हो म्हणते.

पेन का थांबलं? लिही, हो. डोळे नंतर पूस, कागद भिजेल.

आणि एस्तेर, तुला वचन देते. किसनची नवी तुकडी येईल तेव्हा मी पाट मांडून बसेन, गुडघे कुरकुरले तरी. एकालाही सोपं जाऊ देणार नाही. विमानतळावर मी निशाला राहा म्हणणार नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही, कारण तेही तू आग्रहातच धरशील. रविवारी फोनवर ती म्हणाली की आजी, आज बोलायला नको, दमलेय, तर मी म्हणेन, ठीक आहे. मनापासून म्हणता येईलच असं नाही. तुझी मुलंही किती वेळा येऊन शिकली.

स्वेटर मात्र तिच्या बॅगेत भरणार आहे. त्याला ती नको म्हणते आहे. ते मी ऐकणार नाही, तूही ऐकलं नसतंस.

अंगठ्याला साक्षीदार लागतो, आणि जी विचारते तिने स्वतः साक्षीदार व्हायचं नाही, हे तुझंच सांगणं. म्हणून शोभाला हाक मारली. ती कणकेचे हात धुवून आली आहे आणि निशाच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे.

तुझी,
सरू मावशी
(डाव्या हाताचा अंगठा. शाई थोडी फिकी उठली आहे, पण माझाच आहे.)

साक्षीदार: शोभा